पेंडिंगचा ढीग उपसला तरी परत तेवढाच होतो, मग नेमकं तपासायचं काय?

ही तक्रार जवळपास प्रत्येक ऑफिसात ऐकू येते. बिलं असोत, रजेचे अर्ज, खरेदीच्या मंजुऱ्या, नवीन माणसाचं लॉगिन, ग्राहकांच्या तक्रारी, काहीही असू दे, काम साचतं, वरून ओरड होते, मग एक मोहीम निघते, सगळे उशिरापर्यंत थांबतात, सुट्टीच्या दिवशी येतात, दुसऱ्या विभागातली दोन माणसं उसनी आणली जातात आणि ढीग संपतो. सगळ्यांना हायसं वाटतं. आणि थोड्याच आठवड्यांत ढीग परत जवळपास तेवढाच. मग "माणसं कमी आहेत", "लोक सिरियसली घेत नाहीत", "सॉफ्टवेअर बदला" ही तीनच वाक्यं मीटिंगमध्ये फिरत राहतात.

मला इथे एक गोष्ट आधी सांगायचीय कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ढीग परत "तेवढाच" होतो ना, मग तो धागा सोडू नका. खरंच माणसं कमी असती तर ढीग वाढतच गेला असता, एका उंचीला येऊन थांबला नसता. जादा तास न लावताही तो एका ठिकाणी थांबत असेल तर याचा अर्थ जेवढं काम येतंय साधारण तेवढंच बाहेर जातंय, म्हणजे काम उरकायची ताकद तुमच्याकडे आहे, फक्त आत आलेलं प्रत्येक काम बाहेर पडायला फार दिवस घेतंय. याला गणित आहे. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम, एकदम सोपा: आत पडून असलेली कामं भागिले रोज बाहेर जाणारी कामं म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे दिवस. १२० अर्ज पडलेत आणि रोज २० निघतात तर आज आलेल्या अर्जाला साधारण ६ दिवस लागणार, मग टेबलावरचा माणूस कितीही मन लावून काम करत असू दे.

मोहीम फक्त त्या १२० वर हल्ला करते. काम आत का रेंगाळतं त्याला ती हातच लावत नाही. उलट घाईघाईत उपसलेल्यातले बरेच अर्ज चुकांसकट पुढे जातात आणि दोन-तीन आठवड्यांनी क्वेरी, दुरुस्ती, "हे परत बघा" अशा रूपात परत येतात, शिवाय मोहीम चालू असताना नवीन आलेली कामं बाजूला ठेवलेली असतात तीही एकदम अंगावर येतात. म्हणून ढीग परत भरतो.

तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते कसं ओळखायचं

सगळे बिझी आहेत पण काम कुठे अडलंय ते कुणालाच एका वाक्यात सांगता येत नाही. अर्जंट असलेलं काम कुणीतरी स्वतः मागे लागून एका दिवसात करून आणतो आणि तेच काम आपल्या रांगेने गेलं तर दोन आठवडे घेतं (हे लक्षण दिसलं की समजा काम स्वतः लांबलचक नाहीये, ते वाट बघत बसलंय). एकच फाइल एकाच टेबलावर दोनदा-तीनदा येते. "माझ्या अर्जाचं काय झालं" हे विचारणारे फोन आणि मेल इतके असतात की त्यांना उत्तरं देण्यातच अर्धी सकाळ जाते. यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर पुढे वाचा. आणि ढीग दर महिन्याला आधीपेक्षा मोठा होत असेल, कधी थांबतच नसेल, तर मात्र तिथे खरंच मनुष्यबळाचा प्रश्न असू शकतो, तरी खालचं पहिलं काम करूनच तो निष्कर्ष काढा, कारण बऱ्याचदा वाढलेलं काम हे तेच काम परत आलेलं असतं.

पहिलं काम: फाइलच्या मागे चाला, माणसाच्या नाही

टोयोटाची उत्पादन पद्धत घडवणारे ताइइची ओनो लोकांना कारखान्यात खडूने काढलेल्या वर्तुळात उभं करायचे आणि तासन्तास नुसतं बघायला लावायचे. कारखान्यात ते चालतं कारण तिथे साचलेला माल डोळ्यांना दिसतो, वाटेत येतो, जागा अडवतो. ऑफिसात नेमकं तेच दिसत नाही, इनबॉक्समध्ये ४०० मेल पडले काय आणि ४ पडले काय, खोली तशीच दिसते. त्यामुळे उभं राहून काही कळत नाही, कागदाच्या किंवा मेलच्या मागे जावं लागतं.

नुकतीच पूर्ण झालेली १५-२० प्रकरणं घ्या, एकाच प्रकारची. निवडून घेऊ नका, सलग घ्या, चांगली-वाईट जी येतील ती. प्रत्येकाची कुंडली काढा: कधी आलं, कुणाकडे गेलं, त्याने कधी उघडलं, कधी पुढे पाठवलं, परत आलं का, का आलं. सिस्टिममध्ये तारखा असतात, मेलवर वेळ असते, कागदावर सहीखाली तारीख असते, नसेल तर त्या माणसाला विचारा. आणि प्रत्येक टेबलावर दोन आकडे लिहा, हातात घेऊन प्रत्यक्ष काम केलं ती मिनिटं आणि तिथे पडून होतं ते दिवस.

समजा खरेदीची एक विनंती आहे. भरायला १० मिनिटं, विभागप्रमुखाने वाचायला ३, अकाउंट्सने बजेट बघायला ८, खरेदीवाल्यांनी दर तपासून ऑर्डर तयार करायला १२, शेवटची सही २. एकूण ३५ मिनिटं. आणि हातात ऑर्डर पडली कामकाजाच्या ९ व्या दिवशी. ८ तासांचा दिवस धरला तर ९ दिवस म्हणजे ४३२० मिनिटं, त्यातली ३५ मिनिटं काम, म्हणजे १ टक्कासुद्धा नाही. आता विचार करा, सगळ्यांनी दुप्पट वेगाने काम केलं, नवीन कॉम्प्युटर आणले, टायपिंगचं ट्रेनिंग दिलं, तरी वाचली किती, जेमतेम १७ मिनिटं. ९ दिवसांतली १७ मिनिटं. ऑफिसच्या कामात हे प्रमाण बहुतेक वेळा असंच निघतं आणि म्हणूनच "लोकांनी पटापट हात चालवायला हवेत" हा सगळ्यात लोकप्रिय उपाय सगळ्यात निरुपयोगी आहे. हा आकडा टीमसमोर मांडाल तेव्हा कुणाचंही नाव न घेता मांडा. फाइल कुठे थांबली एवढंच बोला. माणूस कसा होता ते काढलंत की पुढच्या वेळी कुणी खऱ्या तारखा देणार नाही, आणि द्यावी अशी अपेक्षाही करू नका.

कारण १: काम दारातूनच अर्धवट आत येतं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि इथेच लोक सगळ्यात कमी बघतात.

दोन आठवडे एक साधी नोंद ठेवा. प्रत्येक टेबलावर, काम परत पाठवावं लागलं किंवा फोन करून माहिती मागावी लागली की एक खूण आणि चार शब्दांत कारण. फॉर्म अपुरा, कोड चुकीचा, अटॅचमेंट नाही, जुना फॉर्म वापरला, सही भलत्याची. बस, एक्सेल शीट पण नको, कागद चालेल. दोन आठवड्यांनी बघाल तर दोन-तीन कारणंच बहुतेक खुणा खाऊन बसलेली असतात.

आता यातलं गणित बघा, कारण ते चटकन डोक्यात येत नाही. प्रत्येक टेबलावर १०० पैकी ९० प्रकरणं बिनचूक येतात असं धरा, ऐकायला छानच वाटतं. पण ५ टेबलं असतील तर कुठेही न अडता सरळ पार होणारी निघतात ५९. बाकीची ४१ कुठे ना कुठे मागे फिरतात. आणि प्रत्येक टेबलावर ८० बिनचूक येत असतील तर सरळ जातात फक्त ३३. मागे फिरलेलं प्रत्येक प्रकरण परत रांगेच्या शेवटी उभं राहतं, परत वाट बघतं, वर "कुठवर आलं" असा फोन घेऊन येतं. ब्रिटिश सल्लागार जॉन सेडन अशा कामाला वेगळं मोजायला सांगतात, म्हणजे आपणच आधी नीट न केल्यामुळे आपल्याकडे परत आलेली मागणी. ती तुमच्या एकूण कामातली किती आहे ते एकदा मोजा. "माणसं कमी आहेत" या वाक्याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच मिळतं.

इथे साहजिक वाटणारा उपाय म्हणजे मध्ये एक तपासणारा माणूस बसवणं. तो करू नका. त्याने अजून एक रांग तयार होते, आणि भरणारा अजून निष्काळजी होतो कारण पुढे कुणीतरी बघणारच आहे. टोयोटाच्या संस्थापक घराण्याचे साकिची टोयोडा मुळात कापडाचे माग बनवणारे, त्यांच्या मागाचा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, त्यामुळे खराब कापड विणलंच जायचं नाही आणि प्रत्येक मागाशेजारी एक पहारेकरी उभा करायची गरज नसायची. ऑफिसात याचा अर्थ, अपुरं काम दाराशीच थांबायला हवं, पाचव्या टेबलावर नाही. ऑनलाइन फॉर्म असेल तर आवश्यक रकाना भरल्याशिवाय सबमिट होऊ नये, कोड टाइप करायला न देता यादीतून निवडायला द्या, तारीख कॅलेंडरमधून. कागद असेल तर भरलेला नमुना शेजारी लावा आणि घेणाऱ्याने समोरच तीन गोष्टी बघून घ्याव्या. आणि फॉर्म छोटा करा! प्रत्येक रकान्यापुढे बोट ठेवून विचारा, ही माहिती पुढे नक्की कोण वापरतो, नाव सांगा. नाव निघालं नाही तर रकाना काढा. सिस्टिममध्ये आधीच असलेली माहिती माणसाला परत लिहायला लावायची हा तर त्याच्या वेळेचा अपमान आहे, कर्मचारी क्रमांक टाकला की नाव, विभाग, साहेब हे सगळं आपोआप यायला हवं.

चूक दिसली की पाच वेळा "का" विचारायची पद्धत सगळ्यांना माहीत असते पण बरेच जण दुसऱ्या "का"वरच थांबतात आणि उत्तर येतं "अमक्याने लक्ष दिलं नाही". जरा पुढे जाऊन बघा. बिल परत गेलं, का, ऑर्डर नंबर नव्हता. का नव्हता, पुरवठादाराने लिहिला नाही. का लिहिला नाही, त्याला माल पाठवताना नंबर मिळालाच नव्हता, ऑर्डर फोनवर दिली होती. फोनवर का दिली, कारण मंजुरी यायला दोन आठवडे लागतात आणि माल लगेच हवा होता, म्हणून लोक आधी मागवतात आणि कागद मागाहून करतात. बघा, बिलाच्या टेबलावर दिसणारी चूक जन्माला आली मंजुरीच्या टेबलावर. पुरवठादाराला दहा कडक मेल पाठवून ती थांबणार नाही.

कारण २: सह्या

आता त्याच मंजुरीकडे. कुठल्याही प्रक्रियेत सह्या वाढत जातात, कमी होत नाहीत. कधीतरी काहीतरी घोळ झाला, तेव्हा एक सही वाढवली, घोळ करणारा गेला, सही राहिली.

प्रत्येक सहीसाठी मागच्या वर्षभराची नोंद काढा आणि एकच प्रश्न विचारा: या सहीवर किती प्रकरणं नाकारली गेली किंवा बदलली गेली? एकही नसेल तर ती सही तपासणी करत नाहीये, ती फक्त थांबा आहे. सही करणाऱ्या साहेबांनाही ते ओझंच असतं हो, रात्री मेल उघडून न वाचता अप्रूव्ह दाबत बसायला कुणाला आवडतं. आणि एक बारीक गोष्ट, सह्या जितक्या जास्त तितकी प्रत्येकाची जबाबदारी पातळ होते, पहिल्याला वाटतं पुढचा बघेल, पुढच्याला वाटतं मागच्याने बघितलंच असेल, आणि चार सह्यांचा कागद प्रत्यक्षात कुणीच वाचलेला नसतो.

करायचं काय तर ठरावीक रकमेखालची मंजुरी खालच्या पातळीवर द्या आणि नंतर महिन्याला त्यातली थोडी प्रकरणं उचलून नीट तपासा. ज्याला फक्त माहिती हवीय त्याला मंजुरीच्या साखळीतून काढून साप्ताहिक यादी पाठवा. प्रत्येक सहीला पर्यायी माणूस ठरवून ठेवा, रजेवर गेलेल्या एकट्या माणसामुळे आठवडाभर अडलेली प्रकरणं तुमच्या त्या १५-२० कुंडल्यांमध्ये नक्की सापडतील. जिथे क्रम महत्त्वाचा नाही तिथे दोन मंजुऱ्या एकामागून एक न घेता एकाच वेळी घ्या.

पण इथे एक इशारा मनापासून. सगळ्याच सह्या फालतू नसतात. मागणी करणारा आणि पैसे देणारा वेगळा असायला हवा, व्हेंडरचा बँक खाते क्रमांक बदलताना दोघांनी बघायलाच हवं, कायद्याने लागणारी तपासणी लागणारच. लीनच्या (टोयोटाच्या पद्धतीवरून आलेली, वाया जाणारं कमी करायची पद्धत) नावाखाली हे उडवलं तर वाचलेल्या दिवसांपेक्षा कितीतरी मोठं नुकसान एका फसवणुकीत होईल. ऑडिटवाल्यांना शेवटी कळवण्यापेक्षा पहिल्याच दिवशी सोबत घ्या, कुठली सही खरंच नियंत्रण आहे आणि कुठली सवय, हे त्यांना चांगलं माहीत असतं.

कारण ३: गठ्ठ्याने काम करायची सवय

"बिलं मी शुक्रवारी एकदम करतो, लिंक लागते." हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि त्या टेबलापुरतं थोडंफार खरंही आहे. पण पूर्ण साखळीला काय होतं ते बघा. १० फॉर्म, ३ टेबलं, प्रत्येक टेबलावर एका फॉर्मला ६ मिनिटं. प्रत्येकाने दहाही फॉर्म संपवून मगच गठ्ठा पुढे दिला तर पहिला फॉर्म बाहेर पडतो १८० व्या मिनिटाला, आणि शेवटचाही तेव्हाच. एकेक करून पुढे दिला तर पहिला १८ व्या मिनिटाला बाहेर आणि दहावा ७२ व्या. कुणीही जास्त वेगाने काम केलेलं नाही. आणि पहिल्या टेबलाने चुकीचा कोड टाकला असेल तर एकेक पद्धतीत ते दुसऱ्या-तिसऱ्या फॉर्मलाच कळतं, गठ्ठ्यात दहाही चुकून झालेले असतात.

एकेक करणं नेहमी शक्य नसतं हे मान्य. मग गठ्ठा लहान करा. आठवड्याचं रोज करा, रोजचं दिवसातून दोनदा. मंजुरी देणाऱ्याने सकाळी आणि दुपारी अर्धा-अर्धा तास फक्त मंजुऱ्यांसाठी कॅलेंडरमध्ये अडवून ठेवला तरी सरासरीतले कित्येक दिवस गळून पडतात, आणि याला ना सॉफ्टवेअर लागतं ना बजेट. मला कुठला एकच उपाय उद्यापासून करायला सांगितला तर मी हा करीन.

कारण ४: सगळे कायम पूर्ण भरलेले आणि काम एकदम येणारं

टोयोटाच्या लोकांनी तीन शत्रू सांगितलेत. मुडा म्हणजे वाया जाणारं, मुरा म्हणजे चढउतार, मुरी म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर झेपणार नाही एवढा भार. आपल्याकडे ट्रेनिंगमध्ये पहिलाच शिकवतात, अपव्ययाचे सात प्रकार पाठ करून घेतात आणि थांबतात. ऑफिसात मात्र दुसरा आणि तिसराच पहिल्याला जन्म देतात.

रांगेचं गणित असं आहे, एक टेबल, कामं कधीही येणारी, प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागणारा. माणूस ५० टक्के गुंतलेला असेल तर कामाला जेवढा वेळ लागतो साधारण तेवढीच वाट बघावी लागते. ८० टक्के गुंतला की वाट बघणं कामाच्या ४ पट, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. म्हणजे ९० वरून ९५ टक्क्यांवर नेलं, ५ टक्के रिकामी वेळ भरून काढली म्हणून मॅनेजर खूश होतो आणि तिकडे रांग दुप्पट होते. कुणी दहा मिनिटं मोकळा दिसला की त्याला काम देणं हे काटकसरीचं वाटतं पण अचानक आलेलं काम पटकन उचलता येणं याच मोकळ्या जागेमुळे शक्य होतं. हे वरिष्ठांना पटवणं सगळ्यात अवघड जातं, म्हणून वरचे आकडे पाठच करा.

चढउतार बऱ्याचदा आपण स्वतःच तयार केलेले असतात. "२५ तारखेच्या आत सगळी खर्चाची बिलं पाठवा" असं पत्रक काढलं की २४ आणि २५ ला पूर येणारच, आणि १० तारखेला तेच टेबल रिकामं असणार. विभागांना वेगवेगळ्या तारखा द्या, किंवा खर्च झाल्या झाल्या बिल टाकायची सोय करा. पाणी एकाच दिवशी सोडायचं आणि पाइप लहान आहे म्हणून रडायचं, यात पाइपाचा काय दोष.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे एका वेळी किती कामं उघडी ठेवायची. एका माणसाने १५ प्रकरणं अर्धी-अर्धी सुरू केलेली असली की प्रत्येकाला परत हातात घेताना कुठवर आलो होतो हे शोधण्यात वेळ जातो. फळ्यावर तीन रकाने करा, आलेलं, चालू, झालेलं, प्रत्येक कामाची एक चिठ्ठी लावा, आणि "चालू"मध्ये एका माणसाची ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त चिठ्ठी नको. चिठ्ठी अडली तर नवीन उचलायची नाही, अडलेली सोडवायची. सुरुवातीला लोकांना हात बांधल्यासारखं वाटतं, तेवढे दिवस धीर धरा.

बाकी छोट्या गोष्टी

कुणी न वाचणारे रिपोर्ट: संशय असेल तर संबंधितांना आधी विचारा, कुणीच हो म्हणालं नाही तर एक महिना पाठवणं थांबवा आणि कुणी मागतंय का बघा. नियमाने लागणारे सोडून, अर्थातच. प्रत्येक मेलला दहा जण सीसीमध्ये असतात तेही याच जातीचं, दहा जण वाचतात आणि करायचं कुणी ते कळत नाही, मेलच्या पहिल्या ओळीत नाव आणि तारीख लिहा. शेअर्ड फोल्डरमध्ये "फायनल", "फायनल २", "नवीन फायनल" असं असेल तर एक नाव द्यायची पद्धत आणि एकच जागा ठरवा, टेबलाच्या ड्रॉवरला लेबलं लावण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त आहे.

सॉफ्टवेअरबद्दल. नऊ थांब्यांची प्रक्रिया जशीच्या तशी सॉफ्टवेअरमध्ये घातली तर नऊ थांबे राहतात, फक्त आता ते बदलायला आयटीकडे रिक्वेस्ट टाकावी लागते आणि तिचीही एक रांग असते. आधी कागदावर थांबे कमी करा, महिनाभर तसं चालवून बघा, मग ऑटोमेशन. क्रम उलटा करू नका, प्लीज.

सगळं केलं आणि तरी ढीग परत यायला लागला तर

पहिले काही आठवडे आकडे सुधारतात आणि मग हळूहळू जुनं रूप येतं, असं होतं. तेव्हा हे तपासा.

तुम्ही काय मोजताय? "आज किती निकाली काढली" मोजत असाल तर लोक सोपी आधी काढतात आणि अवघड तळाशी कुजतात. त्याऐवजी रोज दोनच आकडे बघा, सगळ्यात जुनं उघडं प्रकरण किती दिवसांचं आहे आणि आज आलेल्यातलं किती काम कुठेही मागे न फिरता पुढे गेलं. फळ्यासमोर उभं राहून दहा मिनिटं, रोज ठरलेल्या वेळी, आणि प्रश्न "कोण मागे आहे" असा नाही तर "काय अडलंय आणि ते सोडवायला कोणाची मदत लागेल" असा.

पूर्ण प्रक्रियेचा कुणी एक मालक आहे का? प्रत्येक टेबलाला साहेब असतो पण अर्ज भरल्यापासून हातात उत्तर पडेपर्यंतच्या सगळ्या प्रवासाला कुणीच नसतो. मग विभाग आपापला आकडा हिरवा ठेवतात आणि काम दोन विभागांच्या मधल्या फटीत पडून राहतं. एका माणसाला नाव घेऊन हे द्या आणि दोन्ही विभागांना हलवता येईल एवढा अधिकारही द्या.

वरच्या टोकाला काही बदललंय का? नवीन पॉलिसी, नवीन फॉर्म, दुसऱ्या विभागाने गुपचूप वाढवलेली एक तपासणी. परत आलेल्या कामांची ती खुणांची नोंद तिमाहीतून एकदा दोन आठवडे परत ठेवा, नवीन कारण लगेच वर येतं.

आणि शेवटचं, जे कुठल्याच चार्टमध्ये दिसत नाही. वाचलेल्या वेळेचं तुम्ही काय केलंत? काम सुटसुटीत झाल्यावर त्या टेबलावरची एक खुर्ची काढून टाकली असेल तर उरलेल्यांनी संदेश अगदी बरोबर वाचलेला असतो, सुधारणा सुचवली की आपल्यातलाच कुणीतरी जातो. त्यानंतर तारखा खोट्या येतात, अडचणी लपवल्या जातात, फळा कोरा राहतो आणि त्यांना दोष देता येत नाही. सुरू करण्याआधीच वरिष्ठांकडून स्पष्ट शब्दात, शक्यतो लेखी घ्या की यातून वाचलेल्या वेळेमुळे कुणाची नोकरी जाणार नाही, तो वेळ साचलेलं ट्रेनिंग, ग्राहकांशी बोलणं, पुढची सुधारणा यासाठी वापरला जाईल. ते मिळत नसेल तर १५-२० कुंडल्या काढायच्या आधी तेच मिळवायच्या मागे लागा.